एपिक विरुद्ध ॲपल आणि गूगल: नेमका निकाल काय लागला, आणि गेम बनवणाऱ्यांनी त्यातलं काय उचलावं?

करारवाचक:

या भांडणाच्या बातम्या एका ओळीत येतात. एकदा ‘एपिक जिंकलं’, एकदा ‘ॲपल जिंकलं’. दोन्ही खरं आणि दोन्ही अर्धवट. म्हणून आधी क्रम लावून देतो, मग ज्याला जिथे शिरायचं तिथे शिरा.

१३ ऑगस्ट २०२० ला एपिक गेम्स या कंपनीनं आपल्या फोर्टनाइट या गेमच्या आयफोन आणि अँड्रॉइड आवृत्तीत स्वतःचं पेमेंट बटण चालू केलं. त्यासाठी नवी आवृत्ती तपासणीला दिलीच नव्हती. आधीच मंजूर झालेल्या आवृत्तीत कोड गुपचूप होता, तो त्या दिवशी सर्व्हरवरून जागा केला. १००० व्ही-बक्स (गेममधलं आभासी चलन) ॲपलमार्फत ९.९९ डॉलरला, एपिककडून थेट ७.९९ ला. त्याच दिवशी दोन्ही स्टोअरनी गेम काढला आणि त्याच दिवशी एपिकनं दोघांवर उत्तर कॅलिफोर्नियाच्या फेडरल न्यायालयात दावे लावले. कागद तयारच होते. कंपनीत या मोहिमेचं नाव प्रोजेक्ट लिबर्टी होतं.

ॲपलचा खटला ज्यूरीशिवाय, न्यायाधीश यव्होन गोन्झालेझ रॉजर्स यांच्यापुढे मे २०२१ मध्ये चालला. १० सप्टेंबर २०२१ ला १८५ पानी निकाल आला. एपिकच्या दहा आरोपांपैकी नऊ फेटाळले गेले. दहावा टिकला, तो फेडरल मक्तेदारी कायद्याखालचा नसून कॅलिफोर्नियाच्या अनुचित स्पर्धा कायद्याखालचा: ‘बाहेर स्वस्तात मिळतं’ हे ग्राहकाला ॲपमध्ये सांगायला बंदी घालता येणार नाही. उलट करार मोडल्याबद्दल एपिकलाच भुर्दंड पडला. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२० मध्ये थेट पेमेंटमधून आलेल्या १,२१,६७,७१९ डॉलरचे ३० टक्के, शिवाय त्यापुढच्या काळातल्या रकमेवरही ३० टक्के.

एप्रिल २०२३ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं हे जवळजवळ जसंच्या तसं उचलून धरलं. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांचेही अर्ज ऐकायला नकार दिला.

गूगलचा खटला न्यायाधीश जेम्स डोनाटो यांच्यापुढे, पण ज्यूरीसमोर. ११ डिसेंबर २०२३ ला ज्यूरीनं एकमतानं गूगलला बेकायदा मक्तेदारीबद्दल दोषी ठरवलं. विचारविनिमयाला चार तासही लागले नाहीत.

तर पहिला प्रश्न: दोघेही ॲपमधल्या खरेदीवर ३० टक्के कमिशन घेत होते, दोघांचीही पेमेंटची सक्ती होती, मग निकाल उलटे कसे?

उलटतपासणी:

तीन कारणं आहेत आणि त्यातलं सगळ्यात वजनदार कारण बातम्यांत सगळ्यात कमी येतं: ‘बाजार’ म्हणजे काय हे कोणी ठरवलं.

मक्तेदारीच्या दाव्यात आधी बाजार आखावा लागतो. कुंपण लहान आखलं तर प्रतिवादी राक्षस दिसतो, मोठं आखलं तर तो अनेकांतला एक. एपिकचं म्हणणं होतं की आयफोनवरचं ॲप वितरण हा स्वतंत्र बाजार आहे, म्हणजे ॲपलचा हिस्सा १०० टक्के. एकाच कंपनीच्या उत्पादनाभोवती असा बाजार आखायला अमेरिकी कायदा नाखूश असतो. १९९२ च्या कोडॅक प्रकरणापासूनची अट अशी, की वस्तू घेताना गिऱ्हाइकाला नंतरच्या बंधनांची कल्पना नव्हती हे दाखवावं लागतं. आयफोनवर एकच स्टोअर आहे हे लोकांना माहीत नव्हतं, असा पुरावा एपिककडे नव्हता. न्यायाधीशांनी दोघांचेही नकाशे नाकारून तिसराच आखला: मोबाईलवरचे डिजिटल गेमिंग व्यवहार. त्यात ॲपलचा हिस्सा ५२ ते ५७ टक्के निघाला. हा हिस्सा मोठा आहे, पण त्यांच्या मते तेवढ्यावर मक्तेदारी सिद्ध होत नाही.

गूगलच्या बाबतीत ‘अँड्रॉइडवरचं ॲप वितरण’ हा बाजार ज्यूरीनं मान्य केला. दुसरं कारण: अँड्रॉइड गूगल इतरांना वापरायला देतं, फोन दुसरे बनवतात. त्यामुळे फोन कंपन्यांशी, गेम कंपन्यांशी करार आलेच, आणि करार म्हणजे कागद. ॲपलला फोन बनवणाऱ्या कोणाशी करारच करायचा नव्हता. फोन त्याचा, प्रणाली त्याची, दुकान त्याचं.

तिसरं कारण त्या कागदांचं. ॲक्टिव्हिजन या गेम कंपनीशी सुमारे ३६ कोटी डॉलरचा व्यवहार, फोर्टनाइट प्लेवर (गूगलच्या ॲप दुकानात) यावं म्हणून आत तयार झालेला १४.७ कोटी डॉलरचा प्रस्ताव, आणि स्पॉटिफायला वेगळी वागणूक: स्वतःचं पेमेंट वापरलं तर शून्य, गूगलचं वापरलं तर ४ टक्के. बाकी सगळ्यांना ‘नियम सर्वांना सारखा’ सांगणाऱ्या कंपनीच्या तोंडून हे ज्यूरीसमोर बाहेर आलं. त्यात कर्मचाऱ्यांच्या अंतर्गत चॅटची नोंद २४ तासांत पुसली जात होती. खटला चालू असतानाही ती जपली नाही, म्हणून डोनाटो यांनी ज्यूरीला सांगितलं की पुसलेला मजकूर गूगलच्या विरोधातला असावा असं तुम्ही धरू शकता. यानंतर प्रतिवादीच्या वकिलाला फारसं काही उरत नाही.

शून्यापासून:

म्हणजे ज्यानं दार किलकिलं ठेवलं तो अडकला, आणि ज्यानं भिंतच बांधली तो सुटला? विचित्र आहे हे.

उलटतपासणी:

विचित्र आहे खरं, आणि गूगलनं अपिलात हाच मुद्दा रेटला होता. ३१ जुलै २०२५ ला नवव्या सर्किटनं तो नाकारला. ॲपलच्या खटल्यातला बाजार त्या खटल्यातल्या पुराव्यावर ठरला होता, तो गूगलला उसना मिळणार नाही, असा त्याचा अर्थ. माझ्या मते कायद्याचा हा भाग खरोखरच तोकडा आहे. कराराने केलेली अडवणूक त्याला दिसते, रचनेतच घडवलेली अडवणूक सहज दिसत नाही.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. ॲपलच्या खटल्यात खालच्या न्यायालयानं म्हटलं होतं, डेव्हलपर करारावर घासाघीस होतच नाही, सही करा नाहीतर जा असा तो असतो, म्हणून तो शर्मन कायद्याच्या (अमेरिकेच्या फेडरल मक्तेदारीविरोधी कायद्याच्या) पहिल्या कलमाखालचा ‘करार’च नव्हे. अपील न्यायालयानं हे चूक ठरवलं. त्या खटल्याचा निकाल त्यानं बदलला नाही, पण पुढच्या वादीला हा दरवाजा उघडा मिळाला आहे.

तळटीप:

सुरक्षिततेचा मुद्दा राहिला. ॲपलचा मुख्य बचाव तोच होता: एकच दुकान आणि माणसांकडून तपासणी, म्हणून फोन सुरक्षित. एपिकनं विचारलं, मग मॅकवर बाहेरून सॉफ्टवेअर कसं चालतं? त्यावर ॲपलच्या क्रेग फेडेरिगी यांनी साक्षीत सांगितलं की मॅकवरच्या मालवेअरचं प्रमाण आम्हाला मान्य होण्याजोगं नाही. स्वतःच्या मालाबद्दल असं बोलणारा साक्षीदार विरळा! पण बचाव चालला.

गेमवाल्यांनी लक्षात ठेवावा असा आकडा याच निकालपत्रात आहे. ॲप स्टोअरच्या उत्पन्नापैकी सुमारे ७० टक्के गेममधून येतं आणि तेही १० टक्क्यांहून कमी ग्राहकांकडून. बँकेचं ॲप, टॅक्सीचं ॲप कमिशन देत नाही. दुकानाचा खर्च गेममधले मोजके खर्चिक खेळाडू उचलतात. म्हणून हे भांडण गेम कंपनीनंच उकरलं यात नवल नाही.

बिल्डनंबर:

कायदा ठीक आहे. प्रत्यक्षात स्टुडिओच्या हातात काय पडतं ते सांगा कोणीतरी. जानेवारी २०२४ मध्ये ॲपलनं बाहेरची लिंक द्यायला परवानगी दिली होती ना? मग २०२५ मध्ये न्यायालयानं ॲपलला हुकमाच्या अवमानाबद्दल दोषी का ठरवलं?

करारवाचक:

परवानगी दिली, पण तिच्यावर २७ टक्के लावले. छोट्यांना १२. लिंक दाबल्यापासून सात दिवसांत बाहेर झालेल्या प्रत्येक डिजिटल खरेदीवर. ९.९९ डॉलरच्या खरेदीवर हिशोब करा.

ॲपमधून: ३० टक्के म्हणजे ३.०० डॉलर जातात, ६.९९ हातात.
बाहेरून, जुन्या योजनेत: ॲपलला २.७०, कार्ड प्रोसेसरला नेहमीच्या अमेरिकी दरानं २.९ टक्के अधिक ३० सेंट म्हणजे ०.५९. एकूण ३.२९ गेले, ६.७० हातात.

म्हणजे स्वतःची वेबसाइट बांधा, कर भरा, तक्रारी निस्तरा, आणि वर २९ सेंट कमी घ्या. शिवाय लिंक कशी असावी यावरही अटी होत्या: ॲपमध्ये एकाच जागी, खरेदीच्या ओघात नाही, साधा मजकूर, पत्त्यात कोणतेही पॅरामीटर नाहीत. दाबल्यावर पूर्ण पडदाभर इशारा. दरमहा हिशोब सादर करायचा आणि ॲपलला लेखापरीक्षणाचा हक्क. पत्त्यात पॅरामीटर नाहीत ही अट वरवर किरकोळ वाटते, पण तिच्यामुळे कोणता खेळाडू आला हे वेबसाइटला कळत नाही, त्याला पुन्हा लॉगिन करावं लागतं, आणि गिऱ्हाईक तिथेच गळतं.

परिणाम निकालपत्रातच नोंदलेला आहे. मे २०२४ च्या सुनावणीपर्यंत सुमारे १,३६,००० डेव्हलपरपैकी फक्त ३४ जणांनी अर्ज केला होता, आणि त्यातले १७ जण ॲपमध्ये काही विकतच नव्हते.

३० एप्रिल २०२५ ला गोन्झालेझ रॉजर्स यांनी हा जाणूनबुजून केलेला अवमान ठरवला. हुकूम म्हणजे वाटाघाट नव्हे, असं त्यांनी सुनावलं. ॲपलच्या वित्त विभागाचे उपाध्यक्ष ॲलेक्स रोमन यांनी शपथेवर खोटं सांगितलं असा निष्कर्ष काढून प्रकरण फौजदारी अवमानाच्या चौकशीसाठी सरकारी वकिलांकडे पाठवलं. ॲप स्टोअर सांभाळणारे फिल शिलर यांनी हुकूम पाळावा असं आत सांगितलं होतं, तेही त्यात आहे. अमेरिकेपुरतं बाहेरच्या खरेदीवरचं कमिशन बंद, लिंकच्या रूपावर, जागेवर, संख्येवर बंधन नाही, आणि इशारा द्यायचा तर फक्त ‘तुम्ही दुसऱ्या साइटवर जात आहात’ एवढाच. २० मे २०२५ ला फोर्टनाइट अमेरिकी ॲप स्टोअरवर परत आलं.

निमित्तमात्र:

एक भर. डिसेंबर २०२५ मध्ये नवव्या सर्किटनं अवमानाचा निष्कर्ष कायम ठेवला, पण ‘कायमचं शून्य कमिशन’ हा भाग मागे पाठवला. दिवाणी अवमानात हुकूम पाळायला भाग पाडता येतं, शिक्षा करता येत नाही, आणि सरसकट शून्य हे शिक्षेकडे झुकतं. लिंकची सोय करायला प्रत्यक्ष जो आवश्यक खर्च येतो त्याच्याशी बांधलेलं काहीतरी ॲपल मागू शकेल. किती, ते खालच्या न्यायालयानं ठरवायचं. तेव्हा ‘शून्य टक्के’ गृहीत धरून पुढच्या तीन वर्षांचा आराखडा मांडू नका.

बिल्डनंबर:

समजा शून्यच आहे. तरी बाहेर विकणं नेहमी फायद्याचं का?

शून्यापासून:

अजिबात नाही. ते ३० सेंटचं ठरावीक शुल्क विसरू नका. आधीच्याच दरानं:

०.९९ डॉलरची वस्तू. स्टोअरचे ३० टक्के म्हणजे ०.३०. बाहेर ०.०३ अधिक ०.३० म्हणजे ०.३३. बाहेर विकून तोटा.

३० टक्के देणाऱ्याचा समतोल बिंदू (जिथे दोन्हीकडचा खर्च सारखा) १.११ डॉलरला येतो. पण बहुतेक छोटे स्टुडिओ ३० देतच नाहीत. वर्षाला १० लाख डॉलरच्या आत असणाऱ्यांना ॲपल जानेवारी २०२१ पासून १५ टक्के लावतं, गूगलनंही जुलै २०२१ पासून पहिल्या १० लाखांवर १५ लावले. त्यांच्यासाठी समतोल २.४८ डॉलरला.

हा हिशोबही अपुरा आहे, कारण स्टोअर कर कापून भरतो. युरोपातला व्हॅट, अमेरिकेतल्या राज्याराज्यांचा विक्रीकर, हे सगळं बाहेर विकताना तुमच्या डोक्यावर. ते टाळायला विक्रेता म्हणून स्वतःचं नाव लावणारी मध्यस्थ कंपनी घेतात. तिचा दर ५ टक्के अधिक ५० सेंट धरला तर ३० टक्केवाल्याचा समतोल २ डॉलरला आणि १५ टक्केवाल्याचा थेट ५ डॉलरला जातो. म्हणजे छोट्या स्टुडिओच्या ०.९९ आणि २.९९ च्या वस्तू स्टोअरमध्येच राहू द्याव्यात. वेबसाठी विचार करावा तो ९.९९ पासून वरच्या नाण्यांच्या पुड्यांचाच.

मोठ्या कंपनीचं गणित वेगळं. ९.९९ ची पुडी वेबवर २० टक्के सूट देऊन ७.९९ ला विकली, प्रोसेसरचे ०.५३ गेले, तरी ७.४६ उरतात. स्टोअरमध्ये ६.९९. खेळाडूला दोन डॉलर स्वस्त आणि कंपनीला ४७ सेंट जास्त. एपिकनं २०२० मध्ये नेमकी हीच किंमत का लावली ते यावरून कळेल.

तळटीप:

यात परतावा आणि चार्जबॅक धरा. कार्डधारकानं बँकेकडे तक्रार केली की रक्कम तर जातेच, वर साधारण १५ डॉलर शुल्क. ५ डॉलरच्या विक्रीवर एक चार्जबॅक आला की पुढच्या तीन-चार विक्रींची कमाई गेली. मुलांनी पालकांचं कार्ड वापरलेल्या गेममध्ये हे प्रमाण दुखतं. अवांतर: डिसेंबर २०२२ मध्ये खुद्द एपिकनं अमेरिकेच्या एफटीसीशी (ग्राहकहित पाहणाऱ्या फेडरल व्यापार आयोगाशी) ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले २४.५ कोटी फसव्या बटणरचनेमुळे झालेल्या नकोशा खरेदीचे होते, उरलेले मुलांच्या खासगीपणाच्या उल्लंघनाबद्दल. ‘खेळाडूंच्या हक्कांसाठी लढा’ ही घोषणा वाचताना हेही आठवावं.

बिल्डनंबर:

चला, ठरवलं की वेबवर विकायचं. काय काय मोडतं?

निमित्तमात्र:

जे मोडतं ते बहुतेक वेळा पेमेंटमध्ये नाही, ओळखीत मोडतं.

खेळाडूचं खातं स्टोअरच्या लॉगिनवर उभं असेल तर तुमच्या मानेवर त्यांचा हात आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ॲपलनं एपिकच्या खात्यांसाठी ‘ॲपलनं साइन इन’ बंद करण्याची तारीख दिली होती, मग मुदत वाढवली. त्या काही दिवसांत एपिकला लोकांना ‘आपला ईमेल आणि पासवर्ड जोडून घ्या’ म्हणून सांगावं लागलं. स्वतःचा खातेक्रमांक पहिल्या दिवसापासून सर्व्हरवर ठेवा. स्टोअरचं लॉगिन त्याला जोडलेलं एक साधन असू द्या, पाया नव्हे.

दुसरं, आभासी चलनाची वही. प्रत्येक नाणं कुठून आलं (ॲपल, गूगल, वेब, बक्षीस) याची वेगळी नोंद ठेवा. परतावा आला की त्या स्रोतातलंच वजा करायचं असतं. एकच ‘शिल्लक’ आकडा ठेवणाऱ्यांना नंतर हिशोब लागत नाही.

तिसरं, वस्तू देण्याचा क्षण. खेळाडू ‘यशस्वी’ पानावर पोचला म्हणून वस्तू देऊ नका. प्रोसेसरकडून सर्व्हरला आलेल्या सूचनेवर द्या, आणि व्यवहार क्रमांक आधी नोंदलेला असेल तर दुसऱ्यांदा देऊ नका. या सूचना दोनदा येतात, उशिरा येतात, उलट्या क्रमानं येतात.

चौथं, कोणाला लिंक दाखवायची. अमेरिकेचा हुकूम अमेरिकी स्टोअरफ्रंटपुरता आहे. तो खेळाडूच्या ॲपल खात्याच्या देशावरून ठरतो, आयपी पत्त्यावरून नाही. आयपी पाहून लिंक दाखवली तर अमेरिकेत फिरायला आलेल्या परदेशी खात्याला ती दिसेल आणि तपासणीत ॲप अडकेल. ॲपलचं स्टोअरकिट हे प्रोग्रॅमिंग साधन देश सांगतं, तेच वापरा.

आणि ॲपलच्या नियमावलीतला ३.१.३ मधला बहुमंच सेवांचा भाग नीट वाचा. वेबवर घेतलेली वस्तू ॲपमध्ये वापरू देता येते, पण तीच वस्तू ॲपमधूनही विकत मिळाली पाहिजे. वेबवर फक्त वेबसाठीची खास वस्तू ठेवली आणि ती ॲपमध्ये उघडली, की नकार येतो.

शून्यापासून:

एपिकसारखं सर्व्हरवरून लपवलेलं बटण चालू करून बघावं का, असं काही जण विचारतात. नका करू. त्या खटल्यात करारभंगाच्या प्रतिदाव्यावर एपिक हरलं, आणि हुकूम आला तरी एपिकचं खातं परत द्यायला न्यायालयानं ॲपलला सांगितलं नाही. पाच वर्षं अमेरिकेत आयफोनवरचं उत्पन्न बुडवणं एपिकला झेपलं. बाकीच्यांचं दुकान तीन महिन्यांत बंद होईल.

एपिकनं एक शहाणपण मात्र केलेलं होतं. अनरियल इंजिनचं (गेम बनवायच्या तिच्या सॉफ्टवेअरचं) डेव्हलपर खातं स्वित्झर्लंडमधल्या वेगळ्या कंपनीच्या नावावर होतं. ॲपलनं तेही बंद करायचं ठरवलं, तेव्हा २४ ऑगस्ट २०२० च्या तातडीच्या हुकमात न्यायाधीशांनी फरक केला: फोर्टनाइट परत आणायला ॲपलवर सक्ती नाही, कारण तो त्रास एपिकनं स्वतः ओढवून घेतला. पण इंजिनला हात लावायचा नाही, कारण ते करार वेगळे आणि त्यावर अवलंबून असणारे डेव्हलपर तिऱ्हाईत. इंजिन, प्रकाशन आणि कंत्राटी काम एकाच खात्यात कोंबणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

करारवाचक:

यात एक भर. स्टोअरमधून काढलेला गेम ज्यांच्या फोनवर आहे त्यांच्याकडे चालत राहतो, लगेच मरत नाही. पण अद्ययावत करता येत नाही. फोर्टनाइटचा नवा हंगाम २७ ऑगस्ट २०२० ला आला तेव्हा आयफोनवाले जुन्याच हंगामात अडकले आणि बाकी मंचांवरच्या मित्रांबरोबर त्यांना खेळता येईना. ऑनलाइन गेमसाठी अद्ययावत न होणं म्हणजे काही आठवड्यांत मृत्यूच.

उलटतपासणी:

कन्सोलचं काय? एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनही ३० टक्के घेतात, तिथेही दुसरं दुकान नाही. ॲपलच्या वकिलांनी हे वारंवार विचारलं. उत्तरादाखल मायक्रोसॉफ्टच्या लोरी राइट यांची साक्ष आली की एक्सबॉक्सचं यंत्र तोट्यात विकतो, वसुली गेममधून. ॲपल फोनवरही कमावतं. एपिकनं कन्सोलवाल्यांवर दावा लावला नाही यामागे तत्त्व किती आणि सोय किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला सोय जास्त दिसते.

संगणकावर, स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या वॉल्व्हविरुद्धचा वूल्फायर गेम्स या स्टुडिओचा दावा बघण्यासारखा आहे. एप्रिल २०२१ ला दाखल झाला, आधी फेटाळला गेला, दुरुस्त करून परत आला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला समूहदाव्याचा दर्जा मिळाला. तिथे मुद्दा पेमेंटच्या सक्तीचा नाही. आरोप असा की स्टीमपेक्षा दुसऱ्या दुकानात स्वस्त विकू नका असा दबाव टाकला जातो. स्टीमचं कमिशन ३० टक्के, एक कोटी डॉलरनंतर २५, पाच कोटींनंतर २०. एपिकचं दुकान १२ घेतं, तेही जून २०२५ पासून दर गेममागे वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरनंतरच. पण १२ टक्क्यांच्या दुकानात गेम स्वस्त ठेवता येत नसेल, तर त्या १२ चा खेळाडूला काय उपयोग? बाहेरची किंमत सांगू न देणं आणि बाहेर कमी किंमत लावू न देणं, दोन्हीचा परिणाम एकच. मोठ्या मॉलनं भाडेकरूला सांगावं की कोपऱ्यावरच्या तुझ्या दुसऱ्या दुकानाची पाटी इथे लावायची नाही, आणि तिथला भाव इथल्यापेक्षा कमी ठेवायचा नाही.

बिल्डनंबर:

युरोपात तर कायदाच झाला. तिथे सोपं असेल?

तळटीप:

सोपं नाही, वेगळं. डिजिटल मार्केट्स ॲक्टच्या अटी ७ मार्च २०२४ पासून लागू झाल्या. ॲपलनं आयओएस १७.४ मध्ये दुसरी दुकानं येऊ दिली, कमिशन कमी केलं, पण सोबत गाभा तंत्रज्ञान शुल्क आणलं: वर्षात पहिल्या १० लाख इन्स्टॉलनंतर प्रत्येक पहिल्या वार्षिक इन्स्टॉलला ५० सेंट युरो. फुकट गेमला हे जीवघेणं. वर्षाला २० लाख इन्स्टॉल असतील तर सुरुवातीच्या अटींनुसार ५ लाख युरो, मग खेळाडूंनी एक पैसाही खर्च केला नसेल तरी. ज्या गेमचं सरासरी उत्पन्न दर खेळाडूमागे ४० सेंट, त्याला १० लाखांपुढचा प्रत्येक खेळाडू तोट्याचा. म्हणून बहुतेकांनी जुन्याच अटींवर राहणं पसंत केलं. जून २०२५ मध्ये ॲपलनं जाहीर केलं की प्रति-इन्स्टॉल शुल्काच्या जागी विक्रीवर ५ टक्के शुल्काकडे सगळ्यांना नेणार. ते थोडं बरं, निदान कमाई झाली तरच द्यायचं.

दरम्यान २३ एप्रिल २०२५ ला युरोपीय आयोगानं याच ‘बाहेरचा रस्ता दाखवू न देण्या’बद्दल ॲपलला ५० कोटी युरोचा दंड केला. अमेरिकेतला अवमानाचा निकाल त्यानंतर आठवड्याभरात आला.

निमित्तमात्र:

बाकीचे देश थोडक्यात. दक्षिण कोरियानं २०२१ मध्ये पहिला कायदा केला. गूगल आणि ॲपलनं बाहेरचं पेमेंट मान्य करून कमिशन फक्त चार टक्क्यांनी उतरवलं, म्हणजे २६, आणि प्रोसेसरचा खर्च धरला की फायदा संपला. २७ टक्क्यांची युक्ती ही त्याचीच बहीण. भारतात स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये प्लेच्या पेमेंट सक्तीबद्दल गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला, अपील न्यायाधिकरणानं मार्च २०२५ मध्ये तो २१६.६९ कोटींवर आणला. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२५ मध्ये फेडरल न्यायालयानं दोघांनीही बाजारशक्तीचा गैरवापर केला असं ठरवलं, एपिकचे काही मुद्दे नाकारून. जपानचा स्मार्टफोन कायदा १८ डिसेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाला.

या सगळ्यांत एक गोष्ट दिसते. कायदा ‘परवानगी द्या’ एवढंच म्हणाला तर परवानगी मिळते आणि तिची किंमत लावली जाते. किंमत किती असावी याबद्दल हुकूम गप्प असेल तर तो कागदावर राहतो. गोन्झालेझ रॉजर्स यांच्या २०२१ च्या हुकमात कमिशनबद्दल एक शब्द नव्हता. त्या फटीतून पुढची साडेतीन वर्षं गेली.

शून्यापासून:

डोनाटो यांनी ती फट ओळखली होती असं वाटतं. ७ ऑक्टोबर २०२४ चा त्यांचा हुकूम बराच नेमका आहे: तीन वर्षं गूगलनं प्लेच्या बिलिंगची सक्ती करायची नाही, बाहेरच्या किमती आणि लिंक अडवायच्या नाहीत, फक्त प्लेवरच आधी या म्हणून पैसे वाटायचे नाहीत, प्रतिस्पर्धी दुकानं प्लेमधून उतरवू द्यायची आणि प्लेची ॲपयादीही त्यांना द्यायची, ज्या डेव्हलपरला नको त्यानं बाहेर पडावं. तांत्रिक वाद सोडवायला तिघांची समिती. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये स्थगिती नाकारली.

मग नोव्हेंबर २०२५ मध्ये एपिक आणि गूगल दोघंच एकत्र येऊन म्हणाले, आमची तडजोड झाली, हुकूम बदला. प्रस्तावात व्यवहाराच्या प्रकारानुसार ९ किंवा २० टक्क्यांची कमाल मर्यादा, नोंदणीकृत दुकानांची सोय, आणि हे अमेरिकेबाहेरही. आकडे आकर्षक आहेत. पण ॲपयादी देण्याची अट त्यात गळत होती, आणि पडताळणी न्यायाधीशांच्या हातात होती. वादी-प्रतिवादी हातात हात घालून आले की न्यायाधीशानं जास्त प्रश्न विचारायचे असतात.

बिल्डनंबर:

शेवटचा, अगदी कामाचा प्रश्न. २.९९, ४.९९, ९.९९ आणि १९.९९ अशा चार पुड्या. स्टुडिओ १५ टक्क्यांच्या गटात. वेबवर कोणत्या न्यायच्या?

शून्यापासून:

मध्यस्थ कंपनीचा ५ टक्के अधिक ५० सेंट धरून:

२.९९: स्टोअर ०.४५ घेतो, वेब ०.६५. नेऊ नका.
४.९९: दोन्हीकडे ०.७५. श्रम फुकट.
९.९९: स्टोअर १.५०, वेब १.००. ५० सेंट वाचतात. त्यातले २५ खेळाडूला सूट म्हणून देणार असाल तर किंमत ९.७४ दिसेल, आणि इतक्यासाठी कोणी कार्ड क्रमांक टाकत नाही.
१९.९९: स्टोअर ३.००, वेब १.५०. इथे दीड डॉलर हातात येतो. सूट देण्याऐवजी तेवढ्याची जास्तीची नाणी द्या, तुम्हाला त्यांचा खर्च शून्य.

म्हणजे एकच पुडी वेबवर, तीही अमेरिकी स्टोअरफ्रंटला. वर्षाची कमाई १० लाखांच्या जवळ येऊ लागली की हाच तक्ता ३० टक्के धरून पुन्हा मांडा. ॲपलकडे मर्यादा ओलांडल्यावर त्या वर्षाच्या उरलेल्या विक्रीला पूर्ण दर लागतो, त्यामुळे मोठी विक्रीमोहीम वर्षअखेरीला ठेवणार असाल तर वेबचं दुकान त्याआधी चालू असायला हवं.